कागदाचं काळीज

कैरोतल्या एका इस्पितळात, लहान मुलांच्या हृदयाच्या वॉर्डात आणि ऑपरेशनच्या टेबलाशी, अवातिफनं नर्स म्हणून उभं आयुष्य काढलं होतं. त्यातलं 'उभं' किती खरं होतं, ते तिच्या पोटऱ्यांना विचारावं. दुपारी ड्यूटी संपायची तेव्हा त्या दगडासारख्या झालेल्या असायच्या. पण चालण्या-उभं राहण्यानं ती थकत होती असं नाही. त्याची सवय झाली होती. तिला थकवायचं ते समजावून सांगणं.

डॉक्टर हाझिम ऑपरेशनच्या आधी पोरांच्या आयांना बोलावून घेत आणि एक्स-रेच्या पाकिटावर पेनानं हृदय काढून दाखवत. ते दर वेळी बटाट्यासारखं दिसे. "इथं आतल्या पडद्याला भोक आहे. त्यावर आपण ठिगळ लावणार. कळलं?" आया माना डोलवत. डॉक्टरांची पाठ वळली, की त्याच आया अवातिफची बाही धरत. मिस, ते भोक बाहेरून दिसेल का? मिस, रक्त पोटात सांडत असेल का? मिस, पोर लहानपणी माझ्या हातून पडलं होतं, त्यानं झालं का हो? अवातिफ मूठ आवळून 'हे काळीज' म्हणून दाखवायची. तीच मूठ, तीच वाक्यं, वीसेक वर्षं. अलीकडे बोलताना तिला स्वतःचाच आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटे.

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन इस्माइलियाला होती. त्या मुलीच्या मुलासाठी म्हणून तिनं अझबकियाच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडून एक परदेशी पुस्तक घेतलं. पान उघडलं की निळ्या लाटांतून देवमासा उभा राहायचा, कागदाची पट्टी ओढली की जबडा उघडायचा आणि आत बसलेला मच्छीमार दिसायचा. बसमध्ये तिनं ते इतक्या वेळा उघडलं-मिटलं, की तिचा थांबा मागे गेला. पुस्तक नातवाकडे गेलंच नाही. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून ती तडक भावाच्या दुकानी गेली.

रिफअतचं दुकान अल-अझहरच्या मागच्या गल्लीत होतं. पुस्तकांच्या हातबांधणीचं दुकान, वडिलांपासून चालत आलेलं. मुलींनी हे काम शिकू नये असं त्या घरात कधी कोणी म्हटलं नव्हतं. शिकवलंही कोणी नव्हतं, एवढंच. रिफअत कधीकाळी चामड्यावर सोन्याची वेल उठवायचा. आता दिवसभर विद्यापीठाच्या पोरांचे प्रबंध काळ्या रेक्झिनमध्ये बांधायचा आणि त्यांवर पोरांची नावं छापायचा. डोळे अधू झाले होते, पाठ गेली होती, जीभ तेवढी शाबूत होती.

अवातिफनं टेबलावर पुस्तक उघडलं. देवमासा उभा राहिला.

रिफअतनं चष्मा कपाळावर सरकवला. "छान. आता मिट. पाण्यावाचून मरेल बिचारा."

"मला असं करायचंय. मासा नको, काळीज."

"कोणाचं?"

"कोणाचंही. भोक पडलेलं."

"अगं बाई, या वयात बायका हजचा विचार करतात."

"हजला पाय लागतात. माझे संपले. हात आहेत अजून, म्हणून तुझ्याकडे आले."

रिफअतनं माशाची पट्टी एकदा ओढून पाहिली. मग म्हणाला, "हे असलं मला येत नाही. बाबांनाही येत नव्हतं. मला पुस्तक बांधता येतं. ते शिकायचं तर बस. आधी साधं पुस्तक, मग तुझं काळीज."

"साधं पुस्तक करून मी काय करू?"

"उघडून बघ. मिटलं, की शिकलीस."

मग ती रोज दुपारी येऊ लागली. वाटेत डाळ-भाताच्या कोशरीचा डबा घ्यायचा, दोघांनी एकाच डब्यात चमचे घालायचे, आणि कामाला बसायचं. रिफअतनं तिला कागद दुमडायला लावला. कागदाला अंग असतं, एका बाजूनं तो सुखानं वळतो आणि दुसऱ्या बाजूनं कुरकुरतो, हे तिला बोटांनी ओळखता येईपर्यंत त्यानं पुढचं काही हातात दिलं नाही. मग घडीवर घडी रचून आरीनं भोकं पाडायची, मेण लावलेला दोरा ओवून एकेक घडी कण्याशी शिवत जायची. पहिलं पुस्तक शिवून झालं तेव्हा ते पंख्यासारखं पसरलं आणि मिटेना.

"दोरा इतका ढिला का?" रिफअतनं विचारलं.

"फाटेल म्हणून भीती वाटली."

"रोज पोरांना सुया टोचतेस आणि कागदाला घाबरतेस?"

दुसरं पुस्तक इतकं आवळलं गेलं, की दोऱ्यानं कागद चिरला. तिसरं मिटलं. रिफअतनं ते हातात घेऊन वळवून पाहिलं आणि चहा सांगितला. त्याच्या चहा सांगण्याचा अर्थ तिला कळत होता. पण आनंद व्हायलाही थोडं बळ लागतं. ते तिच्यात त्या दिवशी नव्हतं. तिनं चहा प्यायला आणि बसमध्ये उभ्या उभ्या डुलक्या काढत घरी गेली.

पुढचं दोघांनाही येत नव्हतं. शेवटी रिफअतनं सुरी घेतली, "अल्ला माफ करो," म्हणाला आणि देवमासा पोटातून चिरला. आत त्यांना दिसलं, की पट्टी दोन कागदांच्या मधल्या खाचेतून सरकते, आणि जबडा एका बारीक घडीवर अडकवलेला असतो. पट्टी घडीला ओढते, घडी जबड्याला. मासा उभा राहतो तोही जादूनं नाही. पान उघडताना दोन्ही बाजूंना चिकटवलेले कागद ताणले जातात, म्हणून. "एवढंच?" अवातिफ म्हणाली. मग ते 'एवढंच' करायला त्यांना सबंध हिवाळा लागला. कधी पट्टी अडके, कधी काळीज उभं राही पण पुस्तक मिटताना त्याचं टोक बाहेर डोकावे. गल्लीतला चहावाला विचारी, "उस्ताद, धडधडलं का?" रिफअत म्हणे, "तुझ्या चहानं बंद पडलं."

रमजानच्या आधी ते झालं. पहिल्या पानावर पोरीचा झगा. ती झडप उचलली की फासळ्या. फासळ्या दोन्हीकडे उघडल्या की मध्ये काळीज उभं राही. त्याच्या आतल्या पडद्याला गोल भोक. एक पट्टी ओढली की लाल रक्त भोकातून निळ्या बाजूला शिरताना दिसे. दुसरी ओढली की खालून पांढरं ठिगळ सरकत येऊन भोकावर बसे. ठिगळ उठून दिसावं म्हणून अवातिफनं गुळगुळीत चकचकीत कागदाचं केलं होतं आणि पट्टीच्या टोकाला खळीनं चिकटवलं होतं.

"चकचकीत कागदाला खळ लवकर धरत नाही," रिफअतनं बजावलं. त्यानं पुस्तक दाबाच्या शिकंज्यात घालून दांडा फिरवला. "परवापर्यंत हात लावायचा नाही."

पण वॉर्डात शहद होती. मनूफियाच्या एका गावातली सहा वर्षांची पोर, हातापायांच्या काड्या आणि जिना चढली की कुत्र्यासारखी धाप. तिची आई रशा पोरसवदाच होती. नवरा जॉर्डनमध्ये गवंडीकाम करत होता, बरोबर सासू आलेली. रविवारी ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरांचा बटाटा बघून रशानं मान डोलवली होती आणि नंतर कॉरिडॉरमध्ये अवातिफला विचारलं होतं, "मिस, काळीज कापल्यावर तिला मी आठवेन ना?" दुसऱ्या दिवशी सकाळी तिची संमती घ्यायची होती. अवातिफला पुन्हा मूठ आवळून दाखवायचं जिवावर आलं. रिफअत नमाजाला गेला होता. तिनं शिकंज्याचा दांडा उलटा फिरवला, पुस्तक पिशवीत घातलं आणि निघाली.

सकाळी ती रशाच्या खाटेवर बसली. शेजारी सासू, हाजा बहिय्या, जपमाळ ओढत होती. शहद मांडीवर. अवातिफनं झडपा उघडल्या. काळीज उभं राहिलं तशी शहद खुदकन हसली. रशा पुढे झुकली. लाल रक्त भोकातून सरकलं तेव्हा तिनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "असं होतंय होय," ती हळूच म्हणाली. "म्हणून दमते ती." इतक्या वर्षांत कुठल्याच आईच्या तोंडून अवातिफनं हे वाक्य ऐकलं नव्हतं.

"आणि आता बघ, डॉक्टर काय करणार," अवातिफ म्हणाली आणि दुसरी पट्टी ओढली.

ठिगळ सरकत आलं, भोकावर बसलं, आणि सुटून रशाच्या मांडीवर पडलं.

हाजा बहिय्याची माळ थांबली. शहदनं ते पांढरं ठिगळ उचललं आणि पुन्हा भोकावर ठेवलं. ते पुन्हा पडलं. तिला तो खेळच वाटला.

"खळ ओली होती," अवातिफ घाईघाईनं म्हणाली. "हा कागद आहे, रशा. माझी चूक आहे, डॉक्टरांचं तसं नसतं..."

"उठ," हाजा बहिय्या सुनेला म्हणाली. "अल्लानं डोळ्यांदेखत दाखवलं, आणखी काय हवं?"

संध्याकाळपर्यंत खाट रिकामी झाली. रविवारची वेळ दुसऱ्या पोराला मिळाली. डॉक्टर हाझिम रागावले असते तर अवातिफला बरं वाटलं असतं. ते भिंतीला टेकून डोळे चोळत म्हणाले, "माझा बटाटा बरा होता, मिस अवातिफ. त्यातनं निदान काही गळून पडत नाही."

त्यानंतर ती दुकानी गेली नाही. ड्यूटी, बस, घर. उपवास सोडायला ती एकटीच बसे आणि डाळीचं सूप वाटीतच निवून जाई. बाकीच्या आयांना ती पुन्हा मूठ दाखवू लागली. रात्री झोप लागे, पण सकाळी उठल्यावर अंग झोपलंच नव्हतं असं वाटे.

एक दिवस रिफअतचा फोन आला. "शिकंज्यातलं पुस्तक चोरणारी बाई जिवंत आहे का?"

"आहे."

"मग ये. प्रबंधांचा ढीग पडलाय आणि माझी बोटं चालत नाहीत. घड्या घालायला तरी ये."

ती गेली. त्यानं पुस्तकाचं नाव काढलं नाही, तिनंही नाही. ती घड्या घालत राहिली, मग शिवू लागली. टाका घालायचा, ओढायचा, गाठ बसवायची. तिसऱ्या-चौथ्या प्रबंधावर तिचा हात थांबला.

"रिफअत, डॉक्टर ठिगळ चिकटवत नाहीत. शिवतात."

"कोण?"

"आपले डॉक्टर. हृदयात. काळजावरच्या पिशवीचाच तुकडा काढतात आणि चारी बाजूंनी टाके घालतात. मी शेकडो वेळा सुया मोजून परत घेतल्यात. आणि पुस्तकात चिकटवलं!"

रिफअतनं चष्मा पुसला. "मलाही नाही सुचलं," तो म्हणाला. "पुस्तकं शिवण्यात जन्म गेला माझा. दोघंही गाढव. चल, आण ते."

ठिगळ या वेळी पातळ चामड्याचं केलं, कुराणाच्या जुन्या बांधणीतून उरलेला तुकडा होता तो. पट्टी जाड कागदाची. अवातिफनं मेण लावलेल्या रेशमी दोऱ्यानं टाके घातले, बारीक, एकमेकांना लागून, जसे तिनं ऑपरेशनच्या टेबलाशी उभं राहून पाहिले होते. पुस्तक शिकंज्यात गेलं आणि रिफअत स्वतः म्हणाला तेव्हाच बाहेर आलं.

ईदनंतरच्या शुक्रवारी ती मनूफियाला निघाली. रिफअत बरोबर आला, "बाईमाणसानं एकटं जाऊन त्या सासूच्या तावडीत सापडू नये" असं म्हणत, आणि मायक्रोबसमध्ये सबंध वाट खिडकीतून येणाऱ्या धुळीला शिव्या देत राहिला.

कालव्याच्या काठचं घर. रशानं दार उघडलं आणि तिचा चेहरा उतरला. पण पाहुणे ते पाहुणे. फतीरच्या पोळ्या आल्या, काकवी आली, चहा आला. हाजा बहिय्यानं रिफअतची सगळी चौकशी केली, त्याच्या पाठीला कुठलं तेल लावावं हेही सांगितलं. पोरीचं नाव काढलं नाही. शहद दाराशी बसली होती. आधीपेक्षा बारीक झालेली, डोळे मोठाले.

अवातिफनं पुस्तक काढलं.

"पुन्हा?" हाजा बहिय्या म्हणाली.

"हाजा, त्या दिवशीचं काम माझ्या हातचं होतं. दमले होते, घाई केली, कच्चं काढलं. ती खूण अल्लाची नव्हती, माझ्या आळसाची होती. तेवढं सांगायला आलेय. पोरीला न्यायला आले नाही."

"कागद तो कागदच," म्हातारी म्हणाली.

रशानं पुस्तक घेतलं. या वेळी तिनं स्वतः झडपा उघडल्या, स्वतः पट्टी ओढली. ठिगळ सरकत येऊन बसलं. तिनं त्याच्या कडेला नख घातलं आणि उचकटून पाहिलं. मग जोरात. टाके हलले नाहीत. बराच वेळ ती त्या टाक्यांवरून बोट फिरवत बसली.

"मिस," ती म्हणाली, "डॉक्टरपण दमतात ना?"

नाही म्हणणं सोपं होतं. "दमतात," ती म्हणाली. "म्हणून समोर दुसरे डॉक्टर उभे असतात. आणि बाजूला मी असते. आम्ही एकमेकांवर नजर ठेवतो."

"आणि तरी काही झालं तर?"

"होतं कधी कधी. फार थोड्यांना होतं. पण तुला खोटं सांगणार नाही मी."

रिफअतनं तिच्याकडे चमकून पाहिलं. रशानं पुस्तक मिटलं. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. निघताना अवातिफनं पुस्तक मागितलं नाही, कारण ते शहदच्या हातात गेलं होतं आणि ती कोंबड्यांना काळीज उघडून दाखवत होती.

परतताना रिफअत म्हणाला, "होतं कधी कधी, हे सांगायला एवढ्या लांब आलो आपण?"

"विचारलं तिनं."

"अगं, बायकांना धीर द्यायचा असतो."

"धीरच दिला," अवातिफ म्हणाली आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. कैरो येईपर्यंत त्यानं खांदा हलवला नाही, नंतर आठवडाभर मान धरली म्हणून तिला ऐकवत राहिला.

महिना गेला, वर काही दिवस गेले. रशा येणार नाही हे अवातिफनं मनाशी धरून टाकलं होतं. मग एका सकाळी ती वॉर्डाच्या दारात उभी दिसली, कडेवर शहद, मागे जपमाळ घेतलेली सासू.

"पुस्तकामुळे नाही आलो," हाजा बहिय्यानं आधीच सांगून टाकलं. "छाती भरली होती पोरीची. ओठ काळे पडले. मी म्हटलं, इथं बसून बघत राहण्यापेक्षा तिथं जाऊन बघू."

रशानं प्लास्टिकच्या पिशवीतून पुस्तक काढलं. त्याची पार रया गेली होती. झगा फाटलेला, एक फासळी गायब, रक्ताची पट्टी ओढून ओढून तुटलेली. "सगळ्या आळीला दाखवलं हिनं," रशा म्हणाली. "मलाच शिकवायला लागली. म्हणे, आई, इथनं गळतंय." ठिगळ काकवीनं चिकट झालं होतं, पण जागेवर होतं.

आधी छाती बरी करावी लागली, मग ऑपरेशन झालं. अवातिफ टेबलाशी होती. डॉक्टर हाझिम ठिगळाचे टाके घालत होते आणि ती एकेक सुई परत घेऊन मोजत होती. एरवी अशा वेळी तिच्या डोक्यात घरी काय शिजवायचं ते चालू असे. त्या दिवशी काहीच चालू नव्हतं. हृदय पुन्हा सुरू झालं, डॉक्टरांनी मान हलवली. बाहेर येऊन तिनं रशाला सांगितलं. रशा भिंतीला धरून खाली बसली, आणि हाजा बहिय्यानं अवातिफचं डोकं दोन्ही हातांत धरून इतक्या जोरात मुका घेतला, की तिची टोपी पडली.

शहद घरी गेली त्याच आठवड्यात डॉक्टर हाझिम कॉरिडॉरमध्ये थांबले. "मिस अवातिफ, ते पुस्तक. हृदयाच्या झडपेच्या आजाराचं एक होईल का? आणि ओठ-नखं निळी पडणाऱ्या पोरांचं एक? ते तर मला चित्रात अजिबातच जमत नाही."

अवातिफनं होईल म्हटलं. दुपारी ती दुकानी गेली आणि रिफअतला सांगितलं.

"दोन आणखी?" तो म्हणाला. "त्यांना सांग, उस्तादची पाठ ऑपरेट करून द्या, मग बघू." पण त्यानं कपाटातून जाड कागदाचा ताव काढलाच, उजेडाशी धरून त्याचं अंग बघितलं आणि तिच्यासमोर ठेवला.

तिनं एक घडी घातली. दुसरी घातली. तिसरी घालताना बोटं सुन्न झाली आणि कागद वाकडा दुमडला. तिनं तो तसाच ठेवला.

"रिफअत, आज नाही होणार."

"मग नको. कागद कुठे पळून जात नाही. घरी जा."

"चहा सांगतोस?"

"झोप येणार नाही मग."

"येईल," अवातिफ म्हणाली, आणि चहा यायच्या आधीच खुर्चीत तिचा डोळा लागला. रिफअतनं चहावाल्याला हातानंच गप्प राहायची खूण केली, दोन्ही पेले स्वतः प्यायला, आणि आवाज होऊ नये म्हणून उरलेल्या प्रबंधांचे कणे हातोडीनं ठोकायचं काम दुसऱ्या दिवसावर टाकलं.